वीरांचे दगड : खंडाळ्याकडून दोन पत्रे

खंडाळा, जि. सातारा

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाचा दगड. (हा खंडाळा लोणावळ्याजवळचा नव्हे, घरच्यांनी नकाशात नीरा नदीच्या दक्षिणेला, खंबाटकी घाटाच्या अलीकडे पाहावे.) वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गुरे सोडवताना मरण आले असे समजावे. त्यावर ढाल-तलवारीची झुंज, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या दगडावर, मात्र कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात एवढेच पुष्कळदा दिसते.

किकली, ता. वाई

घाट ओलांडून भुईंजच्या बाजूला, चंदन-वंदन किल्ल्यांच्या परिसरात किकली लागते. इथल्या भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळांची दाटी आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात लेख कोरलेले पुष्कळ. त्यामुळे इथला वीर कोण, कुणाशी लढला, हे दगड सांगत नाही. पूजेचे त्यावाचून अडत नाही. शेंदूर चढला की वीराचा देव होतो.

ग्रीसमध्ये उलटे घडले : तिथे नाव टिकले. प्रोटेसिलाओस हा ट्रॉयच्या किनाऱ्यावर पहिले पाऊल टाकणारा आणि पहिला मरणारा ग्रीक. ‘इलियड’मध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या : मागे राहिलेली बायको आणि अर्धवट बांधलेले घर. पुढच्या कथेत तो मेल्यावर घटकाभर परत येतो आणि त्याच्यामागून ती बायको, लाओडामिया, प्राण सोडते. सतीशिळेच्या मुलखात ही कथा परकी वाटत नाही. एलायउस या गावातल्या त्याच्या समाधीला नवस-नजराण्यांनी धन आले. ते इराणी सुभेदार आर्टायक्टिसने लुटले आणि तिथली जमीन नांगराखाली आणली. इ. स. पू. ४७९च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी त्याला फळीला ठोकून मारले. इ. स. पू. ३३४मध्ये आशियात उतरण्याआधी अलेक्झांडरने याच समाधीवर बळी दिला. काव्यातला दुय्यम माणूस आपल्या समाधीच्या गावात मोठा देव ठरतो, तो असा.

आपल्याकडच्या या दगडांचा अभ्यास एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२च्या संपादित ग्रंथात मांडला. गावकऱ्यांना विनंती एवढीच : वीरगळाला ऑइलपेंट फासू नये. कोरीव काम बुजले, तर वाचायला काहीच उरत नाही.