उतारवयातील गिटार

साठी उलटलेल्या माणसाने हाती टाळ घ्यावे, फार तर हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून बोटे फिरवावीत, असा आपल्याकडील शिष्टसंमत संकेत आहे. आम्ही घेतली गिटार. नातू शिक्षणासाठी इंदूरला गेला आणि त्याची गिटार पांढुर्ण्याच्या घरी कपाटावर धूळ खात पडली. वस्तू विनावापर पडून राहणे आम्हां निवृत्त शासकीय सेवकांना सोसवत नाही. दिवाळीच्या सुटीत त्यालाच म्हटले, "यातले सर्वांत सोपे काय असेल ते शिकव." तो म्हणाला, "आबाजी, तुम्ही ब्लूज शिका. तीन कॉर्ड आल्या की गाणे झाले."

अनेक तारा एकदम छेडल्या असता स्वरांचा जो जुडगा वाजतो, ती कॉर्ड. आमच्या वाट्याला ए सेव्हन, डी सेव्हन आणि ई सेव्हन अशा तिघी आल्या. 'ए' हा षड्ज मानला तर 'डी' मध्यम ठरतो आणि 'ई' पंचम. म्हणजे तंबोऱ्याच्या ओळखीचीच मंडळी. 'सेव्हन' म्हणजे त्या त्या जुडग्यात मिसळलेला त्याचा कोमल निषाद. ए सेव्हनसाठी चौथी आणि दुसरी तार दुसऱ्या पडद्याशी दाबायची व मधली तिसरी मोकळी सोडायची. ई सेव्हनलाही दोनच बोटे पुरतात. डी सेव्हनला तीन लागतात, आणि तेथेच आमची फजिती झाली. उजव्या हाताने आम्ही आयुष्यभर टिपण्या लिहिल्या. डावा केवळ कागद धरून होता. आता सारी कामगिरी त्या डाव्यावर आली. पंधरा दिवस बोटांची टोके हुळहुळत राहिली. घट्टे पडल्यावाचून तार नीट बोलत नाही, हे त्यानंतर कळले.

या गाण्याचा सांगाडा बारा घरांचा असतो. प्रत्येक घर चार मात्रांचे. पहिली चार घरे ए, मग दोन डी, पुन्हा दोन ए, त्यानंतर एक ई, एक डी आणि शेवटची दोन ए. एवढ्यात आवर्तन पुरे होते. शब्दांची ठेवणही तशीच साधी: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. गाणारा अनेकदा कोमल गांधार लावतो, त्याच वेळी कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असतो. दोन्ही गांधारांची ही ओढाताण कानाला प्रथम खटकते, मग हवीशी वाटू लागते. जोग राग ऐकलेल्यांना दोन गांधारांचे नवल वाटणार नाही.

हे गाणे आले कोठून, याचा शोध घेताना मात्र आम्ही थबकलो. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे कर्जात बुडून बटाईने कापूसच पिकवत राहिली. त्यांच्या शेतांतल्या हाकाऱ्यांतून आणि श्रमगीतांतून ब्लूज उभे राहिले. १९१४ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज' प्रसिद्ध करणारे डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहत असता फाटक्या वस्त्रांतील एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासून गात होता. आम्ही सौंसरच्या जुन्या छोट्या लाईनच्या स्थानकावर गाडीची कितीदा वाट पाहिली असेल! तेथे कोणी गात होते काय, हे आठवू गेलो तर काहीच आठवेना.

कापूस तर आमच्याही दारचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली. पुढे १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. वेचणी करणाऱ्या बायांची गाणी मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना सारखीच होती. या तहसिलींच्या शिवारांत आम्ही सेवाकाळात पुष्कळ हिंडलो. पटवाऱ्याला सोबत घेऊन अनावारी काढली, नुकसानीचे पंचनामे केले. बांधावर उभे असता वेचणीची गाणी कानांवर पडत. त्यांसाठी पंचनाम्यात रकाना नव्हता, म्हणून आमच्या मनातही तो नव्हता. हजारो कोसांवरच्या शेतमजुरांचे गाणे शिकण्यासाठी बोटे सोलून घेणाऱ्या आम्हांस स्वतःच्या शिवारातली एक ओळ येत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतावर पूर्वी वेचणीला येणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे गेलो. त्या शेतात आता संत्र्याची झाडे आहेत. गाणे म्हणाल काय, असे विचारताच त्या पदराआड हसल्या. मग हलक्या आवाजात एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली आणि थांबल्या.

"पुढचं?" आम्ही विचारले.

"पुढचं दुसरी म्हणे जी. ते आता नाई राह्यली. मले माह्यंच येते."

आम्ही गप्प राहिलो. येताना ती ओळ वहीत उतरून घेतली आणि चालीचे स्वर कसेबसे सरगमीत मांडले. नातवाला दूरध्वनीवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आबाजी, ए सेव्हनवर बसते का पाहा." अर्धीमुर्धी बसली. डी सेव्हनला बोटे अजूनही वेळेवर पोचत नाहीत.

वाचकहो, आपापल्या घरी किंवा गावी कोणी वृद्धा असतील, तर या पोळ्याच्या सुमारास त्यांच्याजवळ जरा बसावे. सोबत वही न्यावी, आणि शक्य तर त्यांच्या जोडीदारणीलाही बोलावून घ्यावे.