चार रेघा नि आकडे

चार आडव्या रेघा. रेघांवर आकडे. बास गिटारची टॅब म्हणजे एवढंच. वरची रेघ जी ची तार, तिच्याखाली डी, मग ए, नि सगळ्यात खाली ई. ती सगळ्यात जाड, सगळ्यात खर्जातली. आकडा म्हणजे पडदा. ई च्या रेघेवर 3 लिहिलंय ना, मग जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यामागं बोट दाबायचं आणि दुसऱ्या हातानं तार छेडायची. शून्य म्हणजे तार मोकळी. झाली लिपी. चौथीत शाळा सुटलेल्या माणसालाही अर्ध्या तासात येते. मी अशीच शिकलो. गुरू नाही, गंडा नाही.

पांढरपेशे वाजवणारे नाक मुरडतात. म्हणतात, टॅब ही अडाण्यांची कुबडी, खरं संगीत पाच रेघांच्या स्टाफवर. असेल बाबा. पण 1507 साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकानं ल्यूट या तंतुवाद्याचं संगीत छापलं, ते असंच रेघा नि आकड्यांत. पाचशे वर्षांची लिपी आहे ही. आणि तिला जे सांगता येतं ते स्टाफला येत नाही. ए हा सूर बासवर मोकळ्या ए तारेत आहे, तसाच ई तारेच्या पाचव्या पडद्यावरही आहे. यातला कुठला घ्यायचा ते स्टाफ सांगत नाही. टॅब सांगते. ही हाताची लिपी आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, त्यांना हाताची लिपी आपली वाटली तर नवल काय?

पण तिच्यात एक भोक आहे. बोट कुठं ठेवायचं ते कळतं, किती वेळ ठेवायचं ते कळत नाही. जुन्या ल्यूटवाल्यांच्या आकड्यांवर कालाच्या खुणा असायच्या. आपल्या हाती झेरॉक्स होऊन येणाऱ्या साध्या टॅबमध्ये त्या बहुधा नसतात.

‘स्मोक ऑन द वॉटर’ घ्या. डीप पर्पलचं, 1972 सालचं. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोचा कॅसिनो जळाला, त्या आगीवरचं गाणं. आधी गिटार, मग ड्रम, मग रॉजर ग्लोव्हरचा बास शिरतो. टॅब बघाल तर जाड तारेवर 3 3 3 3, 3 3 3 3. हजेरीपटासारखं. वाचून काय कळणार? कानानं ऐकलं की कळतं. एका मात्रेत दोन ठोके, सगळे सारख्या अंतरावर, एकही पुढं नाही की मागं नाही. त्या तीनाच्या आकड्यांवर अख्खी गिटार उभी आहे.

तो सूर सेकंदाला 49 आंदोलनांचा. आपली वीज 50 ची. ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीनं, म्हणजे 100 नं घुमतो, आणि बासची मोकळी जी तार 98 ची. म्हणजे आमच्या सूतगिरणीच्या गेटावरचा ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस जी मध्येच गातो, किंचित चढा. पाळी सुटली की मी तो सूर कानात धरून खोलीवर आणतो. अ‍ॅम्प घ्यायची ऐपत नाही. बासचं शिंग लाकडी कपाटाला टेकवतो, कपाट घुमायला लागतं. शेजारी भिंत ठोकतात. ठोकोत. रिंग खात्याच्या आवाजात बारा तास काढलेल्या कानाला तेवढं चालतं.

कारखान्याचा नि या संगीताचा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. बर्मिंगहॅममध्ये 1965 साली टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीननं खाल्ली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हातच गेला. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली नि वाजवत राहिला. पुढं 1971 च्या काही गाण्यांत तारा तीन पडदे खाली उतरवल्या, सैल तार दाबायला सोपी म्हणून. त्याच्याबरोबर गीझर बटलरचा बासही खाली उतरला. ब्लॅक सॅबाथचा तो जड, काळाकुट्ट आवाज असा आला. आमच्या खात्यात बोटं तुटलेली माणसं मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. त्यांच्या हातात कुणी तार दिली नाही.

आणि जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटचा काळा माणूस. मोटाऊन कंपनीच्या एकाहून एक गाजलेल्या गाण्यांत बास त्याचा, तोही बहुतेक एकाच बोटानं छेडलेला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं त्याच्याकडून घेतलं. रॉकचा बास त्याच्या बोटातनं आला म्हणा ना. पण तबकड्यांवर वर्षानुवर्षं त्याचं नाव नाही. 1971 ला मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर छापलं तेव्हा कुठं आलं. बास असाच असतो. वाजतो तोवर कुणाचं लक्ष नसतं, थांबला की गाणं पडतं. हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

माझा आज्या गावात हलगी वाजवायचा. जाळावर शेकून ताणलेली हलगी, दोन काड्या. कुणाचं लग्न, कुणाची मयत, बोलावणं आलं की जायचं नि शिळंपाकं घेऊन यायचं. 1956 ला दीक्षा घेतली आणि त्यानं हलगी खुंटीला टांगली ती कायमची. बरोबर केलं. ती वेठ होती. पण ताल काही पाटलानं दिला नव्हता. तो त्याच्या हातातला होता. त्याच्यातनं बापाच्या बोटांत आला. जेवणाची वाट बघताना बाप ताटावर बोटं वाजवायचा, ती मी ऐकलीत.

टॅबमध्ये जे भोक आहे ते मी त्यानं बुजवतो. आकड्यांच्या वर एक रेघ ओढतो नि तिच्यावर हलगीचे बोल लिहितो, आपल्या अक्षरात. कुठला ठोका लांब, कुठला आखूड, कुठं गप्प राहायचं. कागदाच्या माथ्यावर गाण्याचं नाव नि खाली बास वाजवणाऱ्याचं नाव. ते आधी लिहितो. स्टाफला पाच रेघा, टॅबला चार. पाचवी माझ्या आज्याची.

आमच्या वस्तीतली दोन पोरं त्या कागदावरनं वाजवायला लागलीत. बास एकच आहे, पाळीपाळीनं घेतो. आणखी कुणाला शिकायचं असेल तर सुट्टीच्या वारी या. फी नाही. ताल घरूनच आणा.

जय भीम.