घणाजवळची अक्षरे

आमचे घर भोंग्यावर चालते. आप्पा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. सकाळचा भोंगा व्हायच्या आत आईचा डबा तयार असतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. "एवढं वाचून काय मिळायचं गं?" असे आजी विचारते तेव्हा मी गप्प बसते.

यंदा ग्रंथालयात रेल्वेवरचे एक पुस्तक चाळताना स्विंडन हे इंग्लंडमधले गाव भेटले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनांचा कारखाना तिथे १८४३ साली सुरू झाला. शेजारीच कामगारांसाठी दगडी घरांच्या ओळी उठल्या. तिथेही दिवस भोंग्यानेच उजाडे! मला नवल वाटले ते त्या माणसांनी काय काय उभे केले याचे. १८५५ साली त्यांच्या 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन'ची इमारत झाली. तिथे वाचनालय होते, व्याख्याने होत, नाटके होत. १८४७ पासून पगारातून थोडे थोडे पैसे कापून त्यांनी औषधपाण्याचा फंड चालवला. १८९२ साली त्यातून दवाखाना आणि पोहण्याचे तलावही झाले.

याच कारखान्यात आल्फ्रेड विल्यम्स नावाचा कामगार वाफेच्या घणावर राबत होता. शाळा लहानपणीच सुटलेली. पण गडी जिद्दीचा! लॅटिन शिकला, ग्रीक शिकला. ग्रीक अक्षरे पाठ व्हावीत म्हणून ती घणाजवळ खडूने लिहून ठेवी. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून तो हिंदुस्थानात आला. पुढे मायदेशी संस्कृत शिकून त्याने पंचतंत्रातल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या. ते पुस्तक १९३० साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला.

रात्री जेवताना मी हे सारे सांगितले. आजी म्हणाली, "म्हणजे आपल्या माकड-मगरीच्या गोष्टी?" आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खडूनं आम्हीबी लिहितो. पण नुसतं माप आन् नंबर."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

स्विंडनचा कारखाना १९८६ साली बंद पडला. त्याच्या जुन्या इमारतीत २००० साली संग्रहालय झाले. इंजिनांना घर मिळाले. कामगारांच्या त्या इन्स्टिट्यूशनला मात्र कुलूप लागले आणि ती वर्षानुवर्षे पडझड सोसत राहिली. हे वाचताना आमच्या कॉलनीतले इन्स्टिट्यूट डोळ्यांपुढे आले. आप्पा तिथे वीस वर्षे कॅरम खेळतात. भिंतीशी पुस्तकांचे एक कपाट आहे. ते उघडलेले आम्ही कुणी पाहिले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही दोघे किल्ली मागायला गेलो. ती शोधण्यातच तासभर गेला. वाळवीने खालचा कप्पा खाल्ला होता, वरचे दोन शाबूत होते. पहिले पुस्तक आप्पांच्या नावावर घेतले. वहीत सही करताना त्यांचा हात जरा थरथरला.

आता आजीने विचारले, तर मी गप्प बसणार नाही.