अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आम्ही गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. म्हण आली की मुले हसतात, मुली माना खाली घालतात आणि आम्ही घाईने पुढच्या म्हणीकडे वळतो. त्या अवघड जागेचे नाव म्हणीतही नाही आणि आमच्या व्याख्यानातही नव्हते. ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यासाठी घरातले एक माणूस जावे लागले.

'आम्ही' म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या दोघी. दोघींचीही चाळिशी उलटलेली. पुढच्या मजकुरातली चुलती एकीची आहे आणि गाठ दुसरीची; पण कोणती कोणाची, हे सांगणार नाही. लिहायला बसलो तेव्हा 'मी' हा शब्द दोघींच्याही हातून उमटेना; 'आम्ही' म्हटल्यावर जमले. यातही थोडे लपविणे आहेच, हे मान्य करतो.

चुलती ऊसतोडीला जायची. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात तेही कोयत्याचे. पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहावे लागते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढावे लागते, आणि कोपीला न्हाणीघर नसते. चुलतीचे पोट दुखू लागले, अंगावरून जाऊ लागले, तेव्हा २००८ साली एका खासगी दवाखान्यात तिला सांगण्यात आले की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. तिने पिशवी काढून घेतली. तेव्हा तिचे वय बत्तीस होते. पैसे अर्थातच पुढच्या हंगामाच्या उचलीतून गेले.

अशी ती एकटी नव्हती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जे सर्वेक्षण आले, त्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक. या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्यातल्या एका शब्दाविषयी बोलायचे आहे. 'कॅन्सर' हा शब्द आमच्या जिल्ह्यातल्या अनेक बायकांच्या कानी पहिल्यांदा पडला तो माहिती म्हणून नव्हे, तर धमकी म्हणून. धमकी एकदा पाळली की संपते, असा माणसाचा समज असतो. चुलतीचाही तोच होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर ती घरी आली, तेव्हा तिच्या डाव्या स्तनात गाठ होती. आदल्या वर्षी ती हरभऱ्याएवढी होती आणि आता लिंबाएवढी झाली होती, हे तिने नंतर सांगितले. "काकू, आधी का नाही सांगितलंस?" असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, "दुखत तर न्हाई माय. अन् पिशवीच काढून टाकली ना, मंग आता क्यान्सर बसंल कुठं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. ते द्यायला फार उशीर झाला होता. गर्भाशय काढल्याने स्तनाच्या कर्करोगापासून संरक्षण मिळत नाही, आणि अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, ही दोन वाक्ये तिला कोणीही कधी सांगितली नव्हती. घरात मराठीची प्राध्यापक असूनही! बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करुग्णालयात तिच्यावर उपचार झाले. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. २०१८ साली ती गेली.

योगायोग असा की त्याच वर्षी आम्ही एम.ए.च्या वर्गात महाश्वेता देवींची 'स्तनदायिनी' ही कथा शिकवीत होतो. परक्यांची मुले दुधावर वाढविणारी जशोदा अखेरीस स्तनाच्याच कर्करोगाने मरते. आम्ही मातृत्वाच्या गौरवातला दांभिकपणा सांगितला, शोषणाचे अर्थशास्त्र सांगितले, गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी अनुवादाची चर्चा केली. शीर्षक मात्र फळ्यावर लिहिले आणि शक्यतो उच्चारले नाही. जशोदेचा आजार वेळीच का कळला नाही, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि आम्हीही तो काढला नाही. ती वर्गातली जशोदा होती. घरातली बार्शीला होती.

आमचे तरी शिक्षण कसे झाले? पदवीच्या वर्गात 'पयोधर' शब्द आला की सर म्हणत, "म्हणजे ढग," आणि पुढे जात. त्या शब्दावरचा श्लेष आम्हांला पुढे कोशातून कळला. काव्यात स्तनांची वर्णने विपुल आहेत. त्यांना अलंकार आहेत, उपमाने आहेत. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर उच्चारता येईल असा शब्द आमच्या बायकांपाशी नाही. त्या 'छातीत' म्हणतात, 'वरती' म्हणतात, किंवा नुसता पदर सारखा करतात.

म्हणूनच बार्शीचे एक उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. १९८७ पासून तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. नोंदी घेणारी माणसे गावोगाव जाताना लोकांशी लक्षणांविषयी बोलत राहिली. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसले, आणि १९९५ साली ते प्रसिद्धही झाले. तेथे कामाला आले होते ते बोलणे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोगही असाच साधा. १९९८ साली झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यात घेतल्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले; असे चार फेरे झाले. २०२१ साली निष्कर्ष आले: रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हातानेच तपासणी सांगितली आहे.

मॅमोग्राफीचा अनुभव आम्ही गेल्या वर्षी घेतला. एकीला गाठ लागली. चुलतीचे सगळे पाहिलेले असूनही ती दोन महिने गप्प राहिली, हे लिहिताना शरम वाटते. शेवटी स्टाफरूममध्ये दुसरीने विचारले, "मॅडम, काय झालंय?" मग आम्ही दोघी लातूरला गेलो. आधी पावडर पुसून यायला सांगितले. तिचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात म्हणे. मग दोन पट्ट्यांत स्तन दाबून धरला, "श्वास धरा" म्हटले, आणि काही क्षणांत काम झाले. दुखले, पण सोसण्यासारखे. चाळिशीत स्तन अनेकदा घट्ट असतात. ती घनता चित्रात पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणून सोनोग्राफीही केली. गाठ साधी निघाली. यंत्राला मर्यादा आहेत: काही गाठी ते चुकवते, आणि कधी आयुष्यभर त्रास न देणारे काही शोधून काढून उपचारांच्या मागे लावते. भीतीपोटी अवयव गमावणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. म्हणून 'तपासा' आणि 'काढून टाका' या दोन क्रियापदांतले अंतर आम्ही फार जपून सांगतो.

या वर्षी 'स्तनदायिनी' पुन्हा शिकविली. शीर्षक मोठ्याने वाचले. जशोदेचा आजार कळायला उशीर का झाला, हा प्रश्न आम्हीच विचारला, आणि चुलतीचे ते वाक्य वर्गात सांगितले. कोणी हसले नाही. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी थांबली. तिची आई कारखान्यावर होती. "मॅडम, आई पट्टा पडल्यावर येईल, मार्चमध्ये. तोवर थांबलं तर चालंल का?"

नाही चालणार, असे आम्ही म्हणालो. मग तिथेच तिला फोन लावायला सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून हलक्या आवाजात आईशी बोलू लागली. नेमका शब्द तिलाही सापडत नव्हता. पण ती बोलत होती.