हललेला फोटो

छायाचित्रें घेण्याच्या कलेंत आमची गति यथातथाच आहे, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. आम्हीं घेतलेल्या फोटोंत माणसांचीं डोकीं जागच्या जागीं राहिलीं तर पाय हटकून नाहींसे होतात, असा घरांतील मंडळींचा जुना अनुभव आहे. परंतु ज्यांना स्वतःला गातां येत नाहीं त्यांनाच मैफलींत पुढें बसण्याची हौस अधिक असते. त्याच न्यायानें गेल्या माघांत एका रविवारीं, भल्या पहाटे, आम्ही बारामतीच्या दोघां फोटोवाल्यांबरोबर भिगवणच्या वाटेला लागलों.

उजनीच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यांतल्या कुंभारगांवच्या काठीं, हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग पुण्यामुंबईचे फोटोवाले उतरतात. दोन्ही थवे पहाटेच हजर असतात, दोहोंच्याही माना तासन् तास एकाच कोनांत वांकलेल्या असतात. फरक इतकाच, कीं पक्ष्यांच्या गळ्यांत कांहीं अडकवलेलें नसतें.

आमच्या नावेंत एक होते मामा. बारामतींत त्यांचा स्टुडिओ आहे आणि तालुक्यांतल्या निम्म्या लग्नांचे ते साक्षीदार आहेत. दुसरे आमचे एके काळचे विद्यार्थी आणि आतांचे सहकारी, एक तरुण प्राध्यापक. यांच्या पगाराचा मोठा भाग भिंगांवर खर्च होतो अशी बोलवा आहे. पाण्यावर धुकें होतें. मासे पकडणारा ऑस्प्रे नांवाचा शिकारी पक्षी समोरच्या वाळक्या खोडावर येऊन बसला होता, आणि तो कधीं उडतो याची वाट पाहण्यावांचून करण्यासारखें कांहींच नव्हतें. अशा वेळीं शेतकरी पावसाविषयीं बोलतात; फोटोवाले पुढें निघणाऱ्या कॅमेऱ्याविषयीं बोलतात.

"सर, आणखी दहा वर्षांनीं फोटो काढणें ही क्रियाच उरणार नाहीं," तरुण प्राध्यापक म्हणाले. "कॅमेरा नुसता चालू ठेवायचा. घरीं येऊन हवा तो क्षण उचलायचा."

"मग आम्हांला लग्नाला कशाला बोलावतां?" मामा म्हणाले. "तिपाई पाठवून देतों, तिला जेवायला वाढा."

मामांचा हा राग वरवरचा नव्हता. पूर्वीं लग्नांत फोटोवाला निराळा, व्हिडिओवाला निराळा, आणि नवरीच्या डोळ्यांवर प्रखर दिवा धरणारा पोऱ्या तिसरा. २००८ च्या ऑगस्टांत निकॉनचा डी ९० जाहीर झाला, आणि भिंगें बदलण्याच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत प्रथमच व्हिडिओची सोय आली. एच-डी व्हिडिओंत पांच मिनिटांपलीकडे त्याची सलग धांव नव्हती. नांगराला घुंगरें बांधल्यानें जमीन अधिक नांगरली जात नाहीं, असें त्या वेळीं मामा म्हणाले होते. पुढच्याच महिन्यांत कॅननचा फाइव्ह डी मार्क टू जाहीर झाला, आणि घुंगरांनींच नांगर ओढायला सुरुवात केली. आज आठ-के म्हणतात त्या जातीच्या व्हिडिओंतलें एकेक चित्र सुमारें ३ कोटी ३० लक्ष ठिपक्यांचें असतें. म्हणजे भिंतीवर टांगण्यास पुरेसें. २०२१ सालीं निघालेल्या निकॉन झेड ९ मध्यें तर उघडमीट करणारा पडदाच नाहीं. बटण दाबल्यावर येणारा खट् असा आवाज, आपल्या समाधानासाठीं, यंत्र मुद्दाम काढतें. (असें समाधान परीक्षांच्या बाबतींत आम्हीही विद्यार्थ्यांना देत असतों, पण तो विषय निराळा.)

प्राध्यापकी जिव्हेला राहवेना. आम्हीं त्यांना सांगितलें, कीं स्थिर चित्र घेणाऱ्यालाच चलच्चित्राचा मोह प्रथम पडतो, हें आपल्याकडे सव्वाशें वर्षांपूर्वींच सिद्ध झालें आहे. १८९६ मध्यें मुंबईंत ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले. त्यांनीं भारून गेलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, धंद्यानें फोटोग्राफरच. त्यांनीं विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा आणवला आणि १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें स्वागतही त्यांनींच १९०१ मध्यें चित्रित केलें. दादासाहेब फाळकेही एके काळीं गोध्र्यास फोटोचा धंदा करीत. १९१२ मध्यें त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, ती एकेक स्थिर चित्र दिवसांमागून दिवस घेऊन. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो पुढच्या वर्षीं. हलत्या चित्राच्या पोटांत स्थिर चित्रेंच असतात, आणि फाळक्यांनीं तीं—

"सर, उडाला!"

पुढचें व्याख्यान पाण्यांत गेलें. पक्षी उंच चढला, क्षणभर हवेंत थबकला, पाय पुढें करून खालीं कोसळला आणि चकाकणारा मासा घेऊन निघून गेला. तरुण प्राध्यापकांचें बोट उशिरां पडलें होतें; तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. तरीही पंजे पाण्याला टेकतांनाचें चित्र त्यांच्या कॅमेऱ्यांत होतें. बटण अर्धें दाबून ठेवलें, कीं हें यंत्र सतत चित्रें टिपतें आणि टाकून देतें. पूर्ण दाबलें, कीं मागच्या अर्ध्या-एक सेकंदाचीं चित्रें ठेवून घेतें. म्हणजे आमच्या मित्रांनीं निर्णय घेण्यापूर्वींच फोटो निघाला होता. तो कोणीं काढला, हा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद फार खरा होता.

मामांनीं तोच प्रसंग व्हिडिओंत घेतला होता. त्यांनीं तो प्रथम चालवून दाखवला: अप्रतिम! मग थांबवून एकेक चित्र दाखवलें, तर पंख म्हणजे नुसते करडे फराटे. "व्हिडिओसाठीं सेकंदाचा पन्नासावा भाग उघडतों, सर," ते म्हणाले. "दोन हजारावा भाग ठेवला तर एकेक चित्र कांचेसारखें निघेल, पण चालवलें कीं पक्षी झटके देत उडेल. चालतें चित्र हवें असेल, तर आंतलें प्रत्येक चित्र थोडें हललेलेंच लागतें."

आम्ही त्या फराट्यांकडे पाहत असतांना नावाड्यानें वल्हें थांबवलें आणि सहज सांगितलें, "सर, हितं खालीं गांव हुतं."

तें आम्हांला माहीत होतें. उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, आणि भीमेच्या काठच्या ज्या गांवांवर हें पाणी पसरलें, त्यांत पळसदेवच्या बाजूचें आमचेंही एक होतें. पाणी फार उतरलें म्हणजे पळसनाथाचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक फोटो घ्यायला जातात. आमचें घर मातीचें. तें कशाला वर येईल?

त्या घराचा एकच फोटो आहे. १९७६ मध्यें, उठायचें ठरल्यावर, चुलत्यांनीं इंदापुराहून फोटोवाला आणला. दारांत आजी उभी आहे. घर स्वच्छ आलें आहे, उंबरा, कडी, कोनाड्यांतली चिमणी सगळें मोजून घ्यावें असें. आजीचा चेहराही ठीक आहे. उजवा हात मात्र हलला आहे, कोपरापासून पुढें नुसता धुरकट पंखा. फोटोवाला ओशाळला होता आणि निम्मेच पैसे घेऊन गेला, असें वडील सांगत. आजी त्यानंतर दोन पावसाळे राहिली, नव्या गांवठाणांत, पत्र्याखालीं. तिचा दुसरा फोटो नाहीं.

तो हात काय करीत होता, यावर आमच्या घरांत पन्नास वर्षें वाद आहे. वडिलांच्या मतें ती पदर सांवरत होती. आत्या म्हणते, कीं "पुरे आतां" म्हणून फोटोवाल्याला हांकलीत होती. आईचें म्हणणें, आम्ही आठ वर्षांचे अंगणांत चौकटीबाहेर रुसून उभे होतों आणि ती आम्हांला जवळ बोलावीत होती. आम्हांला यांतलें कांहींही आठवत नाहीं. चार सेकंदांचा व्हिडिओ असता तर निकाल लागला असता, आणि तो आम्हांला हवा होता. यंत्रांविषयीं वर कितीही थट्टा केली, तरी हें खोटें बोलवत नाहीं.

परततांना गाडींत हें सांगितलें, तेव्हां तरुण प्राध्यापक उत्साहानें म्हणाले, "सर, फोटो द्या मला. जुना फोटो हलता करून देणारे प्रोग्राम आतां सर्रास मिळतात. आजी हात हलवतील."

"काय करायला हलवतील?" आम्हीं विचारलें.

"तें आपण सांगायचें. पदर सांवरायला, बोलवायला, तुम्ही म्हणाल तसें."

आम्ही गप्प राहिलों. मोह झाला नाहीं असें नव्हे. आत्या अजून आहे, तिला काय दाखवावें, असाही एक विचार आला.

मामा मात्र बारामतीला उतरल्यावर सरळ आमच्या घरीं आले. फोटो खिडकीपाशीं नेऊन त्यांनीं भिंग लावून बराच वेळ पाहिला. उजेड कमी होता, झांप निदान सेकंदाचा आठवा भाग तरी उघडी असावी, असें ते म्हणाले. चहा निवत होता. हात किती अंतर गेला तें त्यांनीं बोटानें दाखवलें, उंबऱ्याच्या उंचीवरून जवळजवळ वीतभर.

"पण वर जात होता कीं खालीं येत होता?" आम्हीं विचारलें.

"तें यावरून कळत नाहीं, सर," मामा म्हणाले, आणि फोटो परत पाकिटांत घातला.