उदबत्तीने दाखवलेली वाट

तुमच्यापैकी कुणाचं घर दुकानाला लागून आहे का? आमचं होतं. सालेकसाला पुढे बाबांचं वेल्डिंगचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि मधे एक दार. तेव्हा आमचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली.

बाबा ग्रील जोडायला बसले की आई दार लावून घ्यायची. तरी धूर घरात यायचाच. धाकटी बहीण रात्र रात्र खोकायची. एकदा वर पाहिलं, तर मधली भिंत कवेलूंपर्यंत पोचलीच नव्हती! गरम धूर वर चढायचा आणि भिंतीवरून आरामात आमच्याकडे उतरायचा. बाबांनी विटा-मातीने ती जागा बुजवली.

मग मी शहाणपणा केला. "राहिलेला धूर पंख्याने बाहेर काढू," म्हणून हट्टाने स्वयंपाकघरात जुना एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. आणि धूर उलट वाढला! आईने उदबत्ती लावून दाराच्या फटीशी धरली. तिचा धूर घराकडे वळला. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता आणि तिची जागा भरायला दुकानातली हवा आत येत होती.

तोच पंखा आम्ही दुकानाच्या बाहेरच्या भिंतीत बसवला आणि घराची मागची खिडकी उघडी ठेवली. आता उदबत्तीचा धूर दुकानाकडे वळला! बहिणीचा खोकलाही हळूहळू कमी झाला. रंगवलेल्या ग्रील मात्र थिनरचा वास सोडतच राहतात, म्हणून त्या बाहेर मांडवाखाली वाळू लागल्या.

आईबाबांनाही हे वाचून दाखवा बरं का! वेल्डिंगच्या धुरात धातूचे अतिसूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली हा धूर कर्करोगकारक ठरवला. आणि जनरेटर किंवा गाडीचं इंजिन घराला लागून असलेल्या खोलीत कधीच चालू ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पण तो जीव घेऊ शकतो. तिथे नाकावर भरवसा नको.

तुमच्या दाराशीही उदबत्ती धरून पाहा. मात्र मोठ्यांना सोबत घ्या आणि थिनरचा डबा आधी दूर न्या. आमच्याकडे तर देवापुढे लावायची उदबत्ती कितीतरी दिवस आधी त्या दाराशी जाऊन यायची!