पार्ट हरवलाय? चला कार्लाइलला!

पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी कधी गेला असाल, तर तो वास तुम्हाला ठाऊक असेल. गंज, ग्रीस, धूळ आणि कुठूनतरी येणारा भज्यांचा. आता तोच बाजार ८२ एकरांत पसरलाय, भज्यांच्या जागी फ्रेंच फ्राइज आहेत आणि विकायला फक्त गाड्यांचे पार्ट्स आहेत, अशी कल्पना करा. झालं, तुम्ही कार्लाइलला पोचलात!

कार्लाइल हे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं छोटंसं गाव, हॅरिसबर्गपासून साधारण तीस किलोमीटर पश्चिमेला. बाकी दिवशी तिथं गडबड बेताचीच. पण एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीस या गावाच्या जत्रेच्या मैदानावर ‘स्वॅप मीट’ भरते आणि मग हॉटेलात खोली मिळायची मारामार. १९७४ मध्ये बिल मिलर आणि चिप मिलर या दोन मित्रांनी ती सुरू केली. आडनाव एकच, पण नातं काही नाही. त्या काळी जवळच्या हर्शीच्या प्रसिद्ध मेळ्यात मान होता तो फार जुन्या गाड्यांना. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांनी जायचं कुठं? म्हणून हा बाजार. आज इथं आठ हजारांवर स्टॉल्सची जागा आहे.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सॉफ्टवेअरवाला, म्हणजे वीकेण्डला मॉल नाहीतर पॉटलक. गेल्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे गेले, तेव्हा मात्र दादानं जाहीर केलं, ‘अगं, शनिवारी पहाटे पाचला निघायचंय. कार्बोरेटर आणायला!’ गाडी त्याची नव्हतीच. ती शेजारच्या आजोबांची. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, वय त्र्याहत्तर. मी त्यांना चक्क ‘आजोबा’ म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते भलतंच आवडलं.

मसलचा फंडा

‘फास्ट अँड फ्युरियस’मधली विन डिझेलची काळी डॉज चार्जर आठवते? ती मसल कार. मध्यम आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात राक्षसी इंजिन बसवायचं, एवढाच फंडा. याची सुरुवात बहुतेक जण १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. मध्यम गाडीत फार मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचाच नियम होता. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांनी मोठं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊन त्याला बगल दिली!

आजोबांची जीटीओ १९६९ची. इंजिन साडेसहा लिटरचं, ताकद कागदोपत्री ३५० हॉर्सपॉवर. आपल्या मारुती ८००ची आठ इंजिनं एकत्र करा, तेव्हा एवढा आकार होतो, बॉस!

आजोबांनी ती १९७४ मध्ये सेकंडहॅण्ड घेतली, आणि तीही स्वस्तात. १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल पिणाऱ्या या धुडांना कुणी विचारत नव्हतं. त्यात विम्याचे हप्ते वाढलेले आणि धुराचे नियम कडक झालेले. स्वस्त गाडी म्हटल्यावर पोरं तिच्यावर प्रयोग करायचीच. मूळ कार्बोरेटर काढून बाजारातला दुसरा लावायचा, मूळ पार्ट गॅरेजच्या कोपऱ्यात टाकायचा, आणि एक दिवस साफसफाईत तो कचऱ्यात जायचा. आजोबांचा कार्बोरेटर असाच गेला, १९७६ मध्ये. बॉनेटवरचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, त्यानंतर कधीतरी गेला. या गाडीत तो डॅशबोर्डवर नव्हे, काचेबाहेर बॉनेटवर बसायचा. दिसायला भन्नाट, पण ऊन-पावसात हाल!

बरं, कंपनीकडे मागावं, तर कंपनीच कुठाय? २००९ मध्ये जनरल मोटर्सनं पॉन्टिअ‍ॅक बंद करायचं जाहीर केलं आणि २०१० मध्ये हा ब्रॅण्ड संपला.

गाडीची कुंडली

मैदानावर शिरताना मला वाटलं होतं, पार्ट दिसला की घ्यायचा, त्यात काय एवढं! तेव्हा दादानं माझा क्लासच घेतला. इथं पार्ट्सच्या चार जाती. पहिली ‘एनओएस’, म्हणजे त्या काळातच बनलेला, पण कधी गाडीला न लागलेला पार्ट, शक्यतो कंपनीच्या खोक्यासकट. ही सगळ्यात महाग. दुसरी, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना ओरिजिनल. तिसरी रिप्रॉडक्शन, म्हणजे आज नव्यानं बनवलेली नक्कल. पत्रे, रबरं, एम्ब्लेम असं बरंच काही त्यात मिळतं. आणि चौथी, ‘बसतो ना, मग झालं’ टाइप.

शौकिनांचा खरा जीव अडकलेला असतो तो ‘मॅचिंग नंबर्स’मध्ये. म्हणजे गाडी आणि तिचे मुख्य पार्ट्स जन्मापासून एकत्र आहेत की नाही, हे नंबरांवरून ताडून बघणं. आपल्याकडे पत्रिका जुळवतात ना, तसंच! जीटीओचा चासी नंबर त्या वर्षी २४२नं सुरू व्हायचा. त्यातला २ म्हणजे पॉन्टिअ‍ॅक आणि ४२ म्हणजे जीटीओ. साध्या गाडीला जीटीओचे स्टिकर लावून विकणारे इथंच सापडतात. कार्बोरेटरच्या अंगावरही पार्ट नंबर कोरलेला असतो. आजोबांना हवा होता ७०२९२६३. त्यातला ९ म्हणजे १९६९ साल आणि शेवटचा विषम आकडा म्हणजे मॅन्युअल गिअरची गाडी.

नंबर जुळला तरी काम संपत नाही. बाजूला तारखेचे चार आकडे असतात. पहिले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस आणि चौथा म्हणजे साल. पॉन्टिअ‍ॅकच्या जुन्या विक्रीनोंदींच्या प्रती पैसे भरून मिळतात. आजोबांनी त्या मागवल्या होत्या. गाडी फेब्रुवारी १९६९ची निघाली, आणि बॉनेटवरचा टॅकोमीटर तिला मुळातच होता, हेही त्यात होतं. म्हणजे कार्बोरेटर फेब्रुवारीच्या आधी बनलेला हवा.

आता कळलं, दादा कशाला हवा होता? आजोबांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे. नजरेच्या मधोमध धूसर ठिपका. चालता येतं, माणसं ओळखू येतात, पण कोरलेला आकडा वाचता येत नाही. गाडी चालवणं त्यांनी सोडलंय. ती नातीला द्यायची आहे आणि देण्याआधी पूर्ण करायची आहे.

चौदाशे नऊ

सकाळभर आम्ही रांगा पालथ्या घातल्या. दारांचे ढीग, स्टिअरिंगच्या माळा, ताडपत्रीवर मांडलेले हजारो बोल्ट. चहा नाही, पण कॉफी मुबलक. दीडच्या सुमाराला एका ताडपत्रीवर दादा एकदम थांबला. काळपट कार्बोरेटर. त्यानं ब्रशनं मळ घासला, वर खडू फिरवला, तसे आकडे पांढरे उठून दिसले. ७०२९२६३! आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी आकड्यांवरून फक्त बोट फिरवलं.

‘आणि तारीख?’

दादानं वाचलं, १४०९. वर्षाचा एकशे चाळिसावा दिवस, म्हणजे २० मे १९६९. गाडी फेब्रुवारीची. हा कार्बोरेटर जन्मला, तेव्हा आजोबांची गाडी रस्त्यावर धावत होती.

शेजारच्या स्टॉलवरचा माणूस ऐकत होता. तो हसत म्हणाला, ‘दहा मिनिटांचं काम आहे. घासून दुसरी तारीख मारून देणारे आहेत. कुणाला कळणार नाही.’ मी दादाकडे पाहिलं, दादानं आजोबांकडे. कुणाला कळणार नाही, हे खरंच होतं. आणि ‘तारखेसकट मॅचिंग’ म्हटलं की विकताना भाव चढतो, हेही खरं.

आजोबा म्हणाले, ‘उद्या माझी नात ही गाडी विकायला काढेल. घेणारा तिला विचारेल, ओरिजिनल आहे का? ती हो म्हणेल, कारण मी तिला तसं सांगितलेलं असेल. म्हणजे खोटं बोललो मी, आणि पकडली जाणार ती.’

त्यांनी तोच मे महिन्याचा कार्बोरेटर घेतला. साडेचारशे डॉलर सांगितलेले, पावणेचारशेला पटला (घासाघीस दादानं केली, आतेभाऊ कुणाचा!). ओरिजिनल टॅकोमीटर दोन दिसले. एकाची काच तडकलेली, दुसऱ्याची किंमत ऐकून आम्हीच तडकलो. मग रिप्रॉडक्शन घेतला. परतताना गाडीतच आजोबांनी मला वहीत लिहायला लावलं: ‘कार्बोरेटर योग्य नंबरचा, पण मे १९६९चा. टॅकोमीटर नवा, नक्कल.’ खाली तारीख आणि त्यांची सही. ती वही आता गाडीच्या कागदपत्रांत राहणार आहे.

गावही बघा

कार्लाइलला गेलात, तर फक्त पार्ट्स बघून परतू नका. १७८३चं डिकिन्सन कॉलेज आहे, पायी फिरण्याजोगा जुना बाजारचौक आहे. आणि लष्करी तळाच्या आवारात १८७९ ते १९१८ या काळात चाललेल्या शाळेच्या खुणा आहेत. मूळ अमेरिकन जमातींची मुलं इथं आणून त्यांचे केस कापले गेले, भाषा तोडली गेली, नावं बदलली गेली. कित्येक मुलं इथंच वारली. २०१७ पासून लष्करानं त्यांचे अवशेष कुटुंबांकडे परत पाठवायला सुरुवात केली. २०२४च्या डिसेंबरमध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

कसं जाल?

न्यू यॉर्क किंवा फिलाडेल्फियाहून हॅरिसबर्गपर्यंत ट्रेन आहे. कार्लाइलला मात्र ट्रेन नाही, पुढे गाडीच हवी. न्यू जर्सीतून रस्त्यानं साधारण तीन तास. खोली खूप आधी बुक करा. सोबत रोख पैसे, जुने बूट, टॉर्च, छोटा ब्रश आणि खडू ठेवा. पार्टचा नंबर घरूनच लिहून न्या आणि तारीख वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका.